शैक्षणिक साधने : कपाटात की मुलांच्या हाती?

शाळेत साधने आली म्हणजे शिक्षण सुधारले, असा समज आढळतो. परंतु साधनाचे मोल त्याच्या किमतीवरून नव्हे, तर मुलाने ते हाताळून काय जाणले यावरून ठरते, असे आम्हांस वाटते.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे पहिले बालगृह सुरू केले. त्यांची साधने खर्चिक होती. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला तेच तत्त्व बिया, शंखशिंपले, खडे व पाने यांच्या आधारे राबविले.

साधन निवडण्यापूर्वी शिक्षकाने उद्दिष्ट निश्चित करावे. ३२ मधून १७ वजा करताना मुले ‘हातचा’ पाठ करतात. तो कोठून आला हे त्यांना उमगत नाही. गणिताची भीती पुष्कळदा येथूनच सुरू होते. अशा वेळी दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या व दोन सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात. दोन सुट्यांतून सात काढता येत नाहीत, म्हणून ते स्वतःच एक जुडी सोडते. बारांतून सात गेल्या, पाच उरल्या; दोन जुड्यांतून एक गेली, एक राहिली. उत्तर १५.

पुढे काड्यांऐवजी चित्र व अखेरीस केवळ अंक वापरावेत. साधनावाचून मुलाचे अडेनासे झाले, की त्या साधनाचे कार्य पूर्ण झाले असे समजावे.