ओढून घेतलेला जाळ

बोकडाच्या आधी चुलांगण. आष्टी तालुक्यातल्या त्या शेतात सकाळी पोचलो तेव्हा दोन पोरं टिकावानं जमीन उकरत होती आणि लिंबाखाली बसलेले नाना आचारी नुसत्या तोंडानं माप सांगत होते. चर हातभर खोल, रुंदी पातेल्याच्या बुडापेक्षा चार बोटं कमी, लांबी तीन पातेली बसतील एवढी. तोंड पश्चिमेला नको. वैशाखात दुपार कलली की तिकडून वारा उठतो, चरात शिरतो आणि सगळा जाळ एका अंगाला पळतो. मग एका बाजूचं मटण करपतं आणि दुसऱ्या बाजूचं कोमट राहतं.

कार्यक्रम कंदुरीचा. बीड जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पिराला बोललेला नवस, त्याचा बोकड आणि त्याचं गावजेवण. नवस बोलणारं घर बहुतेकदा हिंदू असतं, बोकड कापणारा मुलाणी असतो आणि पंगतीला दोन्हीकडची माणसं असतात. हे घर ऊसतोडीचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बैलगाड्या जुंपून कारखान्यावर जायचं आणि गाळप आटोपलं की परतायचं, हे या भागातल्या हजारो घरांचं वर्ष. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल. यंदा उचल फिटली आणि आजारी पडलेला बैलही वाचला, म्हणून दोन बोकड. म्हणून तर कंदुऱ्या चैत्र-वैशाखात दाटून येतात. माणसं घरी असतात आणि हातात थोडा पैसा असतो.

बोकड उस्मानाबादी जातीचे, काळेकुळकुळीत. धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यातली ही जात मटणासाठीच नावाजलेली. मामूंनी, म्हणजे गावच्या मुलाण्यांनी, बिस्मिल्ला करून सुरी चालवली. पुढं सोलणं, उलटं टांगणं, खांडोळ्या करणं हे सगळं तासाभरात उरकलं. जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आतबाहेर मटण हाती लागतं. इथं ते तीस किलोंच्या आसपास भरलं. खाणारी माणसं दोनशेच्या घरात. माणशी दीडशे ग्रॅम, तेही हाडासकट. म्हणजे पोट भरायचं काम रश्श्यानं आणि भाकरीनं करायचं, आणि रस्सा ताकदीचा व्हायचा तर हाडांतलं, नळ्यांतलं, पडद्यांतलं सगळं त्यात उतरलं पाहिजे. मंद शिजवण्यामागं चवीइतकाच हा हिशेबही आहे.

नाना आधी मटणाची वाटणी करतात. मान, खांदा, नळ्या आणि बरगड्या मोठ्या पातेल्यात. मांडीचे नुसते मांसाचे पीस बाजूला, ते अर्ध्या तासानं पडतील. वजडीला वेगळं पातेलं आणि वेगळा माणूस, कारण ती धुता धुता अर्धा दिवस जातो. काळीज सगळ्यात शेवटी. "काळजाला शिजवायचं नसतं, दाखवायचं असतं," नाना म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. काळजात विरघळण्यासारखं काही नसतं. जास्त वेळ ठेवलं की ते खडूसारखं भुसभुशीत होतं.

मटण वातड लागतं त्याला मुख्यतः मांसाच्या धाग्यांना बांधून ठेवणारे पांढरे पडदे आणि शिरा कारण असतात. त्यांतला मुख्य पदार्थ कोलॅजन. जनावर जितकं चाललेलं आणि जो अवयव जितका राबलेला, तितकं ते जास्त आणि घट्ट. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास हे कोलॅजन आकसतं आणि पीस आवळून आतलं पाणी बाहेर काढतं. या टप्प्यावर मटण कच्च्यापेक्षा चिवट लागतं, आणि घाईनं शिजवणारा माणूस इथंच घाबरून जाळ वाढवतो. सत्तर अंशांच्या पुढं, वेळ दिला तर, तेच कोलॅजन हळूहळू जिलेटिन होऊन रश्श्यात उतरतं, आणि तेच बोटाला चिकटतं. ही क्रिया वेळ मागते. खदखदा उकळलं म्हणून ती फारशी लवकर होत नाही, उलट धागे जास्त पिळले जातात. पाण्याचं तापमान तर उकळीपुढं चढतच नाही. बालाघाटाच्या या माथ्यावर उकळीच मुळी शंभराच्या दोनेक अंश खाली येते. म्हणजे खाली कितीही बाभळ जाळली तरी त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडून जाणार.

पातेली जर्मनची, बाहेरून बुडाला मातीचा लेप दिलेली. लेपामुळं घासताना काजळी झटकन निघते हे सगळे सांगतात. पण उष्णता एकाच जागी न डसता पसरते, हा फायदा नानांना जास्त मोलाचा वाटतो. पातेल्यात तेल, मग उभा चिरलेला कांदा, आलं-लसणाचा गोळा, हळद, मीठ, आणि त्यावर मटण. पाण्याचा थेंब नाही. मोठ्या उलथण्यानं दोघांनी मिळून हलवलं आणि वर परात झाकली. परातीत दोन तांबे पाणी ओतलं. खाली मटणाला अंगचं पाणी सुटतं, त्याची वाफ वर जाऊन परातीला आपटते, थंड होते आणि पुन्हा मटणावर ठिबकते. वरचं पाणी तापलं की तेच आत ओतायचं आणि परातीत नवीन भरायचं. आत थंड पाणी जाता कामा नये. पाणी आणणारा पोरगा टँकरच्या टिपातली बादली थेट पातेल्यात ओतायला निघाला तेव्हा नानांनी त्याला जी शिवी हासडली ती इथं छापता येणार नाही.

या पहिल्या टप्प्याला जाळ मोठा लागतो आणि त्यासाठी जळण वेगळं. पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी या जिल्ह्यात वारेमाप, आणि ती पेटते भडाभडा. तीस किलोचं थंड मटण गरम करायला असा जाळ बरा. वीस-पंचवीस मिनिटांत वाफ धरली. त्यानंतर पऱ्हाटीला हात लावायचा नाही. आता बाभळीचे ओंडके, तेही दोनच, टोकाला टोक लावून. बाभळीचा निखारा जड असतो आणि दमानं जळतो. बाजूला शेणाच्या गोवऱ्या रचून ठेवलेल्या असतात, शेवटच्या तासासाठी.

पुढचे दोन तास मी नानांचे हात पाहिले. त्या हातांनी मटणाला जवळपास स्पर्शच केला नाही. ते चरापुढं उकिडवे बसले होते, हातात लोखंडी सळई. ओंडका आत सरकवला असेल तीन-चारदा. बाहेर ओढला मात्र कितीतरी वेळा. परातीच्या कडेनं फुसफुस वाफ आली की ओंडका वीतभर मागं. आवाज थांबला की दोन बोटं पुढं. त्यांचे कान पातेल्याकडं होते. आतला आवाज खदखद नको, नुसती डबडब हवी, अधूनमधून एखादा बुडबुडा फुटल्यासारखी. मधेच एका हौशी पाहुण्यानं उभ्या उभ्या एक ढलपी आत टाकली. नाना काही बोलले नाहीत, सळईनं ती बाहेर काढून त्याच्या पायाशी ठेवली. मग मला म्हणाले, "जाळ घालायला कुणालाबी येतं. वढायला येत न्हाई."

मला वाटतं आचाऱ्याची मजुरी या वाक्यासाठी असते. मसाला कुणीही वाटून देईल, प्रमाणंही सांगेल.

अमेरिकेत हे ओढण्याचं काम विजेच्या भांड्याकडून करून घेतात. आयर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला अशा भांड्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं. कल्पना आली होती आईच्या एका आठवणीतून. लिथुआनियात तिच्या लहानपणी ज्यू घरांतली कडधान्याच्या कालवणाची भांडी शुक्रवारी दिवस मावळायच्या आत भटारखान्याच्या निवत चाललेल्या भट्टीत नेऊन ठेवत, कारण शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत ती आपोआप शिजत. रायव्हल कंपनीनं १९७१ मध्ये हे यंत्र क्रॉक-पॉट नावानं बाजारात आणलं. आज तिकडं माणसं सकाळी डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा त्यात ठेवून कामावर जातात आणि संध्याकाळी तो काट्याच्या टोकानं उलगडतो. डुकराचा खांदा काय आणि बोकडाची नळी काय, दोन्ही राबलेले अवयव आणि दोन्हींना औषध एकच. झाकण उघडून सारखं बघायचं नाही हा नियमही दोन्हीकडं सारखा. प्रत्येक उघडझापीला साचलेली वाफ जाते आणि पातेलं मागं पडतं. फरक एवढाच, की तिथं माणूस निघून जातो आणि इथं माणूसच ते यंत्र असतो.

मोठ्या पातेल्याची एक सोय मात्र विजेच्या भांड्यालाही नाही. तीस किलो मटण, तेवढंच पाणी आणि खाली तापलेली माती एवढा ऐवज एकदा गरम झाला की लवकर निवत नाही. ओंडका पूर्ण बाहेर काढला तरी अर्धा तास डबडब चालू राहते. घरी किलोभर मटणाला कंदुरीची चव का येत नाही, याचं निम्मं कारण या आकारात आहे. उरलेलं निम्मं कुकरमध्ये. कुकरात दाबामुळं तापमान एकशेवीस अंशांपर्यंत जातं, कोलॅजन अर्ध्या तासात विरघळतं, दात नसलेल्यालाही मटण खाता येतं. पण धागे सुटे होतात, आणि वाफ कोंडलेली असल्यामुळं रस्सा आटत नाही, पातळच राहतो. कुकरला नावं ठेवण्याचा माझा इरादा नाही. कामावरून सातला घरी येणाऱ्या बाईला चुलांगणाचं कौतुक सांगू नये.

कच्च्या पपईचंही तसंच. पपईतलं द्रव्य मांसाचे बंध तोडतं हे खरं, पण ते थांबायचं कुठं हे त्याला कळत नाही. जास्त पडली की पीस बाहेरून लगदा आणि आतून तसाच. कुणी सुपारीचं खांडही टाकतं. नाना दोन्ही टाकत नाहीत. बोकड जून निघाला तर ते वाढवतात फक्त वेळ.

तिसऱ्या पातेल्यात वांगं-बटाट्याचं कालवण होतं, चराच्या पार दुसऱ्या टोकाला, वेगळ्या पळीसह. ते माळकऱ्यांसाठी. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड मानणाऱ्या या मुलखात असं घर क्वचितच सापडेल जिथं एकाच्या तरी गळ्यात तुळशीची माळ नाही. कंदुरीला तेही येतात, पिरापुढं नारळ फोडतात आणि आपल्या पंगतीला बसतात. यजमानाचे थोरले चुलते माळकरीच होते आणि पाहुण्यांना मटण वाढलं की नाही याची सगळ्यात जास्त चौकशी तेच करत होते.

दुपार उतरल्यावर मसाला पडला. सुकं खोबरं निखाऱ्यावर काळं होईतो भाजलेलं, कांदे राखेत पुरून भाजलेले, तीळ, धने, दगडफूल, गावरान तिखट. आणि मग येसूर. मराठवाड्यातल्या लग्नघरांत येसुराचे डबे आधीपासून भरून ठेवतात. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने आणि खडा मसाला खरपूस भाजून दळलेलं हे पीठ रश्श्याला अंग देतं. धोका असा, की पिठाचा कण जड, तो तळाशी बसतो आणि बूड लागतं. म्हणून येसूर पडायच्या आधी दोन्ही ओंडके बाहेर आले, त्यांवर माती टाकली गेली आणि चरात उरला नुसता विस्तव, कडेला गोवऱ्या. एक जण वगराळं तळाला घासत फिरवत राहिला. हळूहळू वर तांबडा कट आला.

नानांनी या साऱ्या वेळात मीठसुद्धा चाखलं नव्हतं. पिराला निवद दाखवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही, असा या घराचा नियम. मीठ त्यांनी सकाळी ओंजळीनं टाकलं होतं आणि आता वासावर सोडलं होतं. शिजलं का, हे मात्र त्यांनी हातानं पाहिलं. नळीचा एक तुकडा पळीवर घेतला, अंगठ्यानं मांस ढकललं. ते न तुटता हाडावरून घसरलं आणि खालचं हाड पांढरं स्वच्छ निघालं. तुकडा परत पातेल्यात. "चला, मामूला बोलवा."

मलिदा, भाकरी आणि मटणाचं ताट पिरापुढं गेलं, मामूंनी फातेहा पढला, आणि मगच पंगत बसली. ज्वारीच्या भाकरी शेजारपाजारच्या बायकांनी दुपारपासून थापल्या होत्या, त्यांचा ढीग चादरीत बांधून आणला. माणसं भाकरी चुरत होती, मधे आळं करून रस्सा ओतून घेत होती. कुणी नळी ताटावर आपटत होता. मीठ किंचित कमी होतं. नानांच्या ते पहिल्याच घासाला लक्षात आलं असावं, कारण त्यांनी कुणी मागायच्या आत मिठाचं ताट पंगतीत फिरवायला लावलं.

घरी करून पाहायचं असेल तर नानांनी सांगितलेलं असं: किलोभर मटण घेऊ नये, निदान दोन किलो घ्यावं, त्यात मान आणि नळी मागून घ्यावी. जाड बुडाचं भांडं, खाली तवा. पाणी न घालता वाफ धरू द्यावी, झाकणावर पाणी ठेवावं, ते तापलं की आत ओतावं. उकळी दिसली की गॅस इतका कमी करावा, की विझला की काय असं वाटावं. कोवळा बोकड दोन तासांत येतो. खाटकानं बोकड म्हणून म्हातारी शेळी दिली असेल तर चारही लागतात, आणि ते आधी कळत नाही. तेव्हा पाहुण्यांना जेवणाची वेळ सांगू नये.