चिलयाबाळाची सुरेल रूपे

परळी वैजनाथच्या ज्योतिर्लिंगामुळे शिवभक्तीत मुरलेल्या बीड जिल्ह्यात आणि एकूणच महाराष्ट्रात, श्रियाळ राजा, राणी चांगुणा व बाळ चिलया यांची कथा मुलांच्या कानी पडते ती सुरांतूनच. अतिथिरूपी शंकराने पुत्राचेच मांस मागितले, चांगुणेने अश्रू न ढाळता गात गात बाळाचे शीर उखळात कांडले आणि शेवटी तिच्या हाकेसरशी चिलया जिवंत परतला, असे हे कथानक आहे.

श्रीधरकवींच्या ‘शिवलीलामृता’त (१७१८) चौदाव्या अध्यायात ते साडेतीन चरणी ओवीत येते आणि एका संथ चालीवर वाचले जाते. नारदीय कीर्तनकार मात्र उत्तररंगात, म्हणजे निरूपणानंतरच्या आख्यानात, साकी-दिंडीसारख्या वृत्तांनी रस पालटतो व कांडणाच्या प्रसंगी लय मुद्दाम धिमी करतो. जात्यावरच्या ओवीला वाद्यांची साथ नसते. तिथे आईचे दुःखच केंद्रस्थानी येते.

कथानक एकच असले, तरी त्याचा अर्थ चाल ठरवते. म्हणून या चालींचे ध्वनिमुद्रण गावोगावी व्हायलाच हवे.