जीपची बॉडी : पत्र्याची की फायबरची?

चिखलीहून मेहकर, देऊळगाव राजाच्या बाजाराला कापडाच्या गाठी नेणारी जुनी जीप. इंजिन शाबूत, चासी मजबूत; पण तळाचा पत्रा गंजून चाळणी झालेला. अशा वेळी नवी बॉडी कोणती बसवावी, हा सवाल आम्हालाही पडला.

फायबर ही आम्हा कापडवाल्यांच्या ओळखीचीच चीज. काचेच्या धाग्यांचे कापड रेझिनमध्ये भिजवून साच्यावर घट्ट केले की फायबर तयार. ते गंजत नाही, वजनाला हलके असते. मात्र जोराची ठोकर बसली तर पत्रा चेपतो, फायबर तडकते. त्याला वेल्डिंग करता येत नाही. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून दिव्यांसाठी अर्थिंगची वेगळी तार ओढावी लागते. सीट व पट्ट्यांचे बोल्ट आतल्या लोखंडी सांगाड्यालाच हवेत.

विम्याचा हिशेबही पाहावा. गाडीच्या नुकसानीच्या दाव्यात फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात. १० वर्षांवरील गाडीच्या लोखंडी भागांवर ५० टक्के.

कायदा विसरू नये. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी बुलढाण्याच्या आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे.

आमचे मत असे : रोज माल वाहायचा असेल तर मूळ मापाची पत्र्याचीच बॉडी घ्यावी. सांध्यांत गंजरोधक प्रायमर भरावा, तळाला पाणी निघायला भोके ठेवावीत. बिघडली तर गावचा डेंटर दुरुस्त करील, आणि बाजार बुडणार नाही.