दिवा लागतो, मग सेल्फ का लागत नाही?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. त्यामुळे डिसेंबरात खालच्या मलकापूर-नांदुऱ्यापेक्षा येथे गारठा अधिक असतो. अशा एखाद्या सकाळी मोटारसायकलची चावी फिरवावी, तर हॉर्न वाजतो, ब्रेक दाबताच मागचा दिवाही लागतो. पण सेल्फचे बटण दाबले की नुसते ‘टक् टक्’! ‘बॅटरी गेली, नवी टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. तो खर्च करण्यापूर्वी आपण ओहमच्या नियमाला विचारू या.

बहुतेक मोटारसायकलींत शिसे-आम्ल बॅटरी असते. असा घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये प्रथम तयार केला. एका घटाचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. असे सहा घट एकसर जोडणीत असतात, म्हणून पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो.

पण बॅटरीला स्वतःचाही थोडा रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. चांगल्या बॅटरीत तो ०.०२ ओहम आहे आणि सेल्फची मोटार फिरू लागण्याच्या क्षणी तिचा रोध ०.२ ओहम आहे असे समजा. मग धारा १२.६ ÷ ०.२२ म्हणजे सुमारे ५७ अँपिअर होईल व मोटारीला सुमारे ११.४ व्होल्ट मिळतील. आता या मार्गात कोठेतरी फक्त ०.१ ओहम रोध वाढला, तर काय होईल? धारा ३९ अँपिअरवर येईल, मोटारीला ८ व्होल्टही मिळणार नाहीत आणि तिची शक्ती निम्म्याहून कमी होईल. मागच्या २१ वॅटच्या दिव्याला मात्र जेमतेम पावणेदोन अँपिअर लागतात. त्याच्या बाबतीत एवढ्या रोधामुळे फक्त ०.२ व्होल्ट घटतात. म्हणून दिवा लागतो, सेल्फ लागत नाही!

हा जादा रोध येतो कोठून? बॅटरी बरेच दिवस उतरलेली राहिली, तर पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात. उन्हाळ्यात उघड्या प्रकारच्या बॅटरीतील पाणी कमी होते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, शिवाय इंजिनातील तेलही घट्ट होते. पण पुष्कळदा दोष बॅटरीच्या बाहेर असतो: टर्मिनलवर चढलेला पांढरट-हिरवट क्षार किंवा सैल पडलेला स्क्रू.

करून पाहा (शिक्षक किंवा मोठ्यांच्या देखरेखीखाली)

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. मल्टिमीटर डी. सी. व्होल्टवर लावा.

१. बटण न दाबता बॅटरीचा दाब मोजा. तो १२ व्होल्टपेक्षा कमी असेल, तर बॅटरी उतरली आहे. आधी भारित करा.

२. आता एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने मीटर पाहावा. १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी ८-९ व्होल्टवर कोसळली, तर दोष बॅटरीच्या आत आहे.

३. बॅटरीचा दाब टिकून आहे, तरी सेल्फ लागत नाही? मीटरचे एक टोक बॅटरीच्या खांबावर व दुसरे त्याच खांबाला जोडलेल्या तारेच्या टोकावर टेकवून बटण दाबा. येथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर चोर सापडला! सांधा साफ करून घट्ट आवळा.

तार सोडताना आधी ऋण टोक सोडा, म्हणजे पाना गाडीच्या सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडणार नाही. बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू सुटू शकतो. जवळ आगकाडी नको. आतील आम्ल त्वचा व डोळे भाजते. सीलबंद बॅटरी कधीही उघडू नका.

किक मारून गाडी सुरू होते, म्हणून हा दोष कित्येक जण महिनोन्‌महिने अंगावर काढतात. जुन्या अनेक गाड्यांत ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटोच देतो, बॅटरी नव्हे. पण एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ मानक लागू झाल्यावर पुष्कळ गाड्यांत इंधन फवारणारी विद्युत यंत्रणा आली. किक असलेल्या अशा गाडीतही बॅटरी पार उतरली, तर किक उपयोगी पडेलच असे नाही.

आता सांगा: बॅटरीच्या आत दोष असताना ‘टक्’ एकदाच न होता पुन्हापुन्हा का होते? सेल्फचा रिले म्हणजे विद्युतचुंबक आहे आणि बटण दाबल्यावर त्यालाही याच बॅटरीचा दाब मिळतो, एवढे लक्षात घ्या. उत्तर वर्गात सोडवा.