शेततळ्याचा सांडवा आणि मासळीचे रक्षण

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव गोदावरीच्या उत्तरेस, धुळे-सोलापूर मार्गावर वसले आहे. या भागात पाऊस बेताचाच. परंतु कधी कधी तो एकाच रात्री कोसळतो. शेततळ्यात रोहू, कटला व मृगल यांची बोटुकली सोडल्यास पिकाच्या जोडीला मासळीचे उत्पन्न मिळते. मात्र सांडव्याकडे दुर्लक्ष झाले, तर ही ठेव एका रात्रीत ओढ्याला मिळते.

३० मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर नुसते वरून ४५,००० लिटर पाणी पडते. शेतातून वाहून येणारे पाणी निराळेच. वाहत्या पाण्याकडे मासे ओढले जातात व सांडव्यातून निसटतात. म्हणून पुष्कळ जण सांडव्याच्या तोंडाशी बारीक जाळी ठोकून निश्चिंत होतात. खरा धोका येथेच आहे. पालापाचोळ्याने जाळी बुजली की पाणी चढते, भरावावरून वाहू लागते आणि भराव फुटून पाणी व मासे दोन्ही जातात.

यास्तव सांडवा अरुंद व खोल न करता रुंद व उथळ करावा. त्याची पातळी भरावाच्या माथ्याहून बरीच खाली ठेवून त्यावर दगडांचे अस्तर द्यावे. जाळी तोंडाशी न लावता तळ्याच्या आतील बाजूस, खांब रोवून अर्धवर्तुळाकार उभारावी. तिची लांबी सांडव्याच्या रुंदीच्या तिप्पट असल्यास तिच्यातून पाणी संथ जाते. मासे तिला चिकटून मरत नाहीत व ती लवकर बुजतही नाही. मासे उडी मारतात, म्हणून तिची वरची कड पाण्याबाहेर असावी.

जाळीची भोके माशाच्या अंगाच्या जाडीहून लहान असावीत. मासे वाढले की मोठ्या भोकांची जाळी लावावी. पाणी आत येण्याच्या जागीही बांबूची ताटी व जाळी बसवावी. त्यामुळे कचरा बाहेरच अडतो आणि बोटुकली खाणारी मरळ आत शिरत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच प्रत्येक तळ्याचा सांडवा पाहून घ्यावा. शेतकरी बंधूंनी पावसाची झड लागताच जाळी साफ करावी. सांडवा मोकळा, तरच मासळी सुरक्षित.