माळ्यावरच्या ट्रंकेतली पत्रं

गणपतीच्या आधी लांज्यात घरोघरी माळे साफ होतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या माळ्यावरून यंदा मामंजींची पत्र्याची ट्रंक उतरली. तिच्यात बिस्किटांचा डबा आणि डब्यात सतरा पत्रं! मामंजी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर विमानदलात फिटर होते. तिथल्या दोघा लढाऊ वैमानिकांनी त्यांना लिहिलेली, खाली झोकदार सह्या असलेली ही पत्रं. फाळणीनंतर त्यातला एकजण पाकिस्तानच्या विमानदलात गेला. त्याचं शेवटचं पत्र १९६४ चं.

सूनबाई म्हणाल्या, रद्दीत घाला, कसर लागलीय. मुंबईच्या पुतण्याचा फोन आला, “काकू, हात लावू नका, अशा सह्यांना परदेशात भाव आहे!”

पुतण्याचं अगदीच खोटं नाही. इंग्रज वैमानिक डग्लस बेडर दोन्ही पायांनी अधू, कृत्रिम पायांवर विमान चालवायचा. ऑगस्ट १९४१ मध्ये तो फ्रान्समध्ये शत्रूच्या हाती सापडला, तेव्हा जर्मन वैमानिक अडोल्फ गॅलंडने त्याला आपल्या तळावर पाहुणा म्हणून बोलावलं. विमानात अडकून राहिलेल्या कृत्रिम पायाऐवजी नवा पाय इंग्रजांच्या विमानातून खाली टाकू दिला गेला! जानेवारी १९४२ मध्ये स्टॅनफर्ड टक पकडला गेला, त्यालाही गॅलंडने जेवू घातलं. युद्ध संपल्यावर टक गॅलंडच्या मुलाचा धर्मपिता झाला. अशा माणसांच्या सह्यांची पत्रं संग्राहक लिलावात घेतात.

पण मैत्रिणींनो, नुसत्या सहीला तेवढं मोल नाही. या वैमानिकांनी पुढे विमानांच्या छापील चित्रांवर ढिगाने सह्या केल्या. मोल असतं ते मजकुराला. कोणी, कोणाला, कधी आणि काय लिहिलं? म्हणून पाकीट फेकू नये. टपालाचा शिक्का तारीख सांगतो. तिकिटासाठी पाकिटाचा कोपरा कापणारी मुलं घरोघरी असतात, त्यांना आवरा.

आपल्याकडे तर हा मजकूर फार दुर्मीळ. १९४७ मध्ये विमानदलाचीही वाटणी झाली, एका पंगतीत जेवलेले समोरासमोर आले. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी सुरू झाल्या तेव्हा पाकिस्तानचे विमानदलप्रमुख असगर खान यांनी आपल्या अर्जन सिंगांना फोन केला आणि विमानं या भांडणात न आणण्याचं ठरलं. दोघे जुने सोबती. सप्टेंबरात मात्र युद्ध पेटलंच.

विकायचं म्हणाल तर एक कायदा ध्यानात ठेवा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ७५ वर्षांवरील, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. काकूंची काही पत्रं १९४६ ची!

आता कोकणातली दमट हवा. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको. टाचण्या काढा, गंजतात. ओल्या फडक्याने पुसलंत तर शाई फुटलीच म्हणून समजा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आतल्या आत बुरशी धरते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवा. वेखंडाची पुरचुंडी शेजारी असावी, कागदाला टेकलेली नसावी. दिवाळीनंतर सावलीत वारा द्या, उन्हात नको. आणि आधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आम्ही काकूंच्या ओसरीवर दुपारभर तेच केलं.

काकूंना इंग्रजी येत नाही, म्हणून शेवटचं पत्र मीच वाचून दाखवलं. अर्ध्याहून जास्त पत्र मुलांच्या शाळांचं. मग एक ओळ होती, “तुम्ही दारात लावलेलं हापूसचं कलम धरलं का?”

काकू उठून आत गेल्या. रद्दीवाल्यासाठी काढलेला डबा त्यांनी देवघराशेजारच्या कपाटात ठेवला. त्या झाडाचे आंबे यंदाही आमच्याकडे आले होते, चांगली दोन डझनं.