हिस्टरी पुसली, तरी कुठे कुठे उरते?

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी एक भलीमोठी फाइल सर्वांना खुली केली. सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत केलेले जवळपास दोन कोटी सर्च तिच्यात होते. नावे काढून प्रत्येकाला नुसता एक क्रमांक दिला होता. तेवढ्याने कोणाची ओळख पटणार नाही, असे कंपनीने गृहीत धरले होते. पण काही दिवसांतच न्यू यॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यांतल्या एका क्रमांकामागची बाई शोधून काढली. गावातल्या सेवा, एकाच आडनावाची माणसे, दुखणीखुपणी असे जे जे तिने विचारले होते, त्यावरूनच तिचा माग लागला. एओएलने फाइल मागे घेऊन माफी मागितली, मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्यांनी पद सोडले; पण तोवर फाइलच्या प्रती जगभर पसरल्या होत्या.

सर्चच्या चौकटीत आपण जे लिहितो, ते पुष्कळदा घरातही कोणाला सांगितलेले नसते. छातीतली कळ, थकलेले हप्ते, चुकलेली पाळी, घटस्फोटाचा कायदा, नव्या नोकरीचा शोध, सगळे तिथे उमटते. ही नोंद ठेवायची की पुसायची, हे ठरवण्याचा हक्क आपला आहे. तो नीट बजावायचा तर एक गोष्ट पक्की माहीत हवी. हिस्टरी एका जागी नसते. ती फोनमधल्या ब्राउझरमध्ये असते, गूगलसारख्या खात्यात असते, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे आणि वाय-फायच्या मालकाकडे तिचा काही भाग असतो, आणि आपण गेलो त्या वेबसाइटकडे व तिथल्या जाहिरात कंपन्यांकडेही असतो. यांतल्या प्रत्येक जागेचा उपाय वेगळा. म्हणून बटण दाबण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: मला ही माहिती नेमकी कोणापासून जपायची आहे? पुढचे बहुतेक गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळे झालेले आहेत.

गैरसमज १: ब्राउझरची हिस्टरी पुसली की सर्च कायमचे गेले.

वस्तुस्थिती: त्या उपकरणावरची यादी गेली, एवढेच. क्रोम ही यादी तशीही ९० दिवसांचीच दाखवतो. सिंक चालू असेल तर एका फोनवर पुसलेली हिस्टरी त्याच खात्याच्या दुसऱ्या फोनवरून आणि लॅपटॉपवरूनही जाते. घरातल्या कोणी फोन हातात घेतला तर यादी दिसू नये, एवढाच हेतू असेल तर हे पुरेसे आहे.

मात्र तुम्ही गूगल खात्यात लॉग-इन असाल, तर तेच सर्च ‘माय ॲक्टिव्हिटी’ या पानावर वेगळे साठलेले असू शकतात. तिथे ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ या सेटिंगखाली सर्च, मॅप्स, प्ले स्टोअर अशा सेवांमधल्या हालचाली जमा होतात; यूट्यूबची हिस्टरी त्याहून निराळी असते. ब्राउझर साफ केल्याने ही पाने साफ होत नाहीत. तिथे जाऊन हवे ते पुसता येते, नोंद ठेवणेच थांबवता येते, किंवा ३, १८ वा ३६ महिन्यांहून जुनी नोंद आपोआप पुसली जावी असे ठरवता येते. जून २०२० पासून नव्या खात्यांना १८ महिन्यांची मुदत आधीच लावलेली असते. त्याआधीचे खाते असेल तर ही मुदत आपण स्वतः लावली आहे का, हे पाहावे लागते. कित्येकांची खाती पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हाची आहेत.

इथे पुसल्यावरही सगळे त्याच क्षणी नाहीसे होत नाही. पुसलेली माहिती आपल्या यंत्रणांमधून पूर्ण काढायला साधारण दोन महिने लागतात आणि बॅकअपमध्ये ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते, असे गूगलनेच जाहीर केलेले आहे.

गैरसमज २: इन्कॉग्निटोमध्ये आपण कोणालाच दिसत नाही.

वस्तुस्थिती: इन्कॉग्निटोची खिडकी बंद केली की त्या वेळची हिस्टरी, कुकी आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती उपकरणावर राहत नाही. त्याचे काम एवढेच. डाउनलोड केलेली फाइल आणि जतन केलेला बुकमार्क मात्र मागे राहतो. तुम्ही उघडलेली वेबसाइट, ऑफिसचे नेटवर्क आणि इंटरनेट कंपनी यांना तुमची भेट नेहमीसारखीच कळू शकते. शिवाय त्याच खिडकीत जीमेलमध्ये लॉग-इन करून सर्च केलात, तर तो सर्च खात्यात जमा होऊ शकतो.

हा गैरसमज इतका पसरला होता की तो न्यायालयात गेला. इन्कॉग्निटोमध्येही आपली माहिती गोळा केली जाते, असा आरोप करत २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात गूगलविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी समोर आल्या. अब्जावधी जुन्या नोंदी नष्ट करायच्या, इन्कॉग्निटो उघडताना दिसणारी सूचना स्पष्ट लिहायची, आणि या खिडकीत त्रयस्थ कंपन्यांच्या कुकी पाच वर्षे मुळातूनच रोखायच्या, असे ठरले. आता तिथे दिसणारा मजकूर एकदा शांतपणे वाचावा. इतर वेबसाइट आणि गूगलच्या स्वतःच्या सेवाही माहिती कशी गोळा करतात, त्यात फरक पडत नाही, असे त्यात म्हटले आहे.

म्हणून इन्कॉग्निटो निरुपयोगी ठरत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर मेल पाहताना किंवा घरात सगळ्यांचा मिळून एक फोन असताना ते जरूर वापरावे.

गैरसमज ३: कॅफेत टॅब बंद केला की काम संपले.

वस्तुस्थिती: आपल्याकडे शिष्यवृत्ती, प्रवेश आणि स्पर्धा परीक्षांचे अर्ज आजही सायबर कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात भरले जातात. सायबर कॅफेंसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार चालकाने ग्राहकाची ओळख नोंदवायची असते आणि संगणकाच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या असतात. त्या आपल्याला पुसता येत नाहीत.

पण त्याहून मोठा धोका आपणच मागे ठेवून येतो. आधार कार्डाची आणि दाखल्यांची पीडीएफ ‘डाउनलोड्स’मध्ये पडून असते, ब्राउझरने विचारल्यावर पासवर्ड ‘सेव्ह’ केलेला असतो, व्हॉट्सॲप वेब चालूच राहिलेले असते. उठण्यापूर्वी प्रत्येक खात्यातून लॉग-आउट व्हावे, फाइल पुसून रीसायकल बिनही रिकामी करावी आणि स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो संगणक काढून टाकावा. जिथे चालते तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे.

गैरसमज ४: पत्त्याशेजारी कुलूप दिसले म्हणजे इंटरनेट कंपनीला काही कळत नाही.

वस्तुस्थिती: कुलूप किंवा पत्त्याच्या सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ म्हणजे तुमच्या आणि वेबसाइटच्या मधला मजकूर सांकेतिक झाला. बंद पाकिटातले पत्र पोस्टमनला वाचता येत नाही, पण ते कोणाला चालले आहे हे दिसते. तसेच हे आहे. तुम्ही कोणत्या वेबसाइटवर गेलात हे इंटरनेट कंपनीला बहुधा कळते. तिथले कोणते पान वाचलेत आणि काय लिहिलेत, हे कळत नाही. नुसते वेबसाइटचे नावही बरेच सांगून जाते, कारण एखाद्या आजाराला वाहिलेल्या वेबसाइटचे नाव हाच आजाराचा अंदाज असतो. भारतात दूरसंचार परवान्याच्या अटींमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये बदल झाला. त्यानुसार कोणत्या ग्राहकाची इंटरनेट जोडणी केव्हा आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून झाली, अशा स्वरूपाच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. तुम्ही फोनवर काहीही पुसा, त्यांवर परिणाम होत नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफिसने स्वतःचे सुरक्षा प्रमाणपत्र बसवलेले असेल, तर त्याला आतला मजकूरही तपासता येतो. खासगी सर्च खासगी फोनवर, स्वतःच्या डेटावर करावा, हा साधा नियम त्यासाठीच. आणि कुलूप म्हणजे वेबसाइट प्रामाणिक असल्याचा दाखला नव्हे. फसवणुकीच्या वेबसाइटवरही ते असते.

गैरसमज ५: व्हीपीएन लावला की आपण अदृश्य.

वस्तुस्थिती: व्हीपीएन तुमची रहदारी इंटरनेट कंपनीपासून झाकतो आणि व्हीपीएन चालवणाऱ्या कंपनीच्या हाती देतो. नाहीसे काहीच होत नाही, विश्वास कोणावर टाकायचा तेवढे बदलते. रेल्वे स्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या अनोळखी वाय-फायवर हा बदल फायद्याचा असू शकतो. पण फुकटच्या व्हीपीएनबाबत सावध राहायलाच हवे. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले ओनावो हे ॲप लोकांना संरक्षण म्हणून दिले जात होते आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून कंपनीकडे जात होती. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरमधून काढले गेले, पुढच्या वर्षी बंद झाले.

भारतापुरती आणखी एक बाब आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, त्यांना दिलेले आयपी पत्ते अशी माहिती पाच वर्षे ठेवायची आहे. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. आणि व्हीपीएन लावूनही गूगल खात्यात लॉग-इन असाल, तर गूगलला तुम्ही कोण ते माहीतच असते.

गैरसमज ६: कुकी पुसल्या की जाहिराती पाठ सोडतात.

वस्तुस्थिती: कुकी १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी तयार केली, ती वेबसाइटला आपली आठवण राहावी म्हणून. पुढे जाहिरात कंपन्यांनी तिच्या आधारे एका वेबसाइटवरून दुसरीवर माणसांचा माग काढला. सफारी आणि फायरफॉक्स अशा त्रयस्थ कुकी आपोआप रोखतात. क्रोमने त्या काढण्याचा बेत २०२० मध्ये जाहीर केला आणि २०२४ मध्ये तो सोडून दिला. म्हणून क्रोमच्या सेटिंगमध्ये त्या आपणच बंद कराव्या लागतात.

तरीही एक वाट उरते. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, भाषा, ब्राउझरची आवृत्ती अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की तुमचे उपकरण ओळखू येते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात तपासलेल्या शंभरांपैकी ऐंशीहून अधिक ब्राउझरची ओळख एकमेवाद्वितीय निघाली. ही ओळख पुसायला कोणतेही बटण नाही. फायरफॉक्स, ब्रेव्ह, टॉर यांसारखे ब्राउझर तिला कमीअधिक आळा घालतात. ‘डू नॉट ट्रॅक’ ही ब्राउझरमार्फत वेबसाइटला करायची विनंती मात्र बहुतेक वेबसाइटनी कधीच मानली नाही, आणि फायरफॉक्सने २०२५ मध्ये ती सोयच काढून टाकली.

गैरसमज ७: सुरक्षेसाठी घेतलेले ॲप आपली माहिती विकणार नाही.

वस्तुस्थिती: अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीची एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधने, लोकांनी ऑनलाइन पाळत टळावी म्हणून घेतली होती. त्यांतून गोळा झालेली ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकण्यावर बंदी घातली. ‘सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागणारे एक्स्टेंशन तुमचे प्रत्येक पान पाहू शकते. आज ब्राउझरमधली यादी उघडा आणि वापरात नसलेली एक्स्टेंशन काढा.

गैरसमज ८: लपवण्यासारखे काही नाही, तर काळजी कशाला?

वस्तुस्थिती: एओएलच्या फाइलमधल्या त्या बाईनेही काही गैर केले नव्हते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो मूठभर सुखवस्तू लोकांचा चोचला आहे, हा युक्तिवादही या निकालाने फेटाळला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

गैरसमज ९: काही विपरीत घडले की आधी सगळे पुसून टाकावे.

वस्तुस्थिती: ही चूक सर्वांत महागात पडते. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर ती लिंक, मेसेज, व्यवहार क्रमांक हेच तुमचे पुरावे आहेत. काहीही न पुसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. स्वतःची रोजची हिस्टरी पुसणे हा गुन्हा नाही, पण न्यायालयात सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

घरात छळ सोसणाऱ्या बाईसाठी आणखी एक सावधगिरी. फोन तपासणाऱ्या माणसाला एकाएकी कोरी झालेली हिस्टरी संशयास्पद वाटू शकते. मदत शोधायची तर विश्वासातल्या मैत्रिणीचा फोन वापरावा किंवा थेट १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावे.

हे सगळे एका दिवसात करायची गरज नाही. सुरुवात तीन गोष्टींनी करा. माय ॲक्टिव्हिटीमध्ये तीन महिन्यांची आपोआप पुसण्याची मुदत लावा, यूट्यूबसाठीही लावा. ब्राउझरमध्ये त्रयस्थ कुकी बंद करा. नको ती एक्स्टेंशन आणि ॲप काढा. अर्ध्या तासाचे हे काम आहे. ते झाल्यावर हेच आईवडिलांच्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या फोनवर त्यांच्याशेजारी बसून, काय करतो आहोत ते समजावत करा. नोंदी त्यांच्याही साठलेल्या असतात, आणि त्या पुसता येतात हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.